गार्ड म्हटलं की काय आठवतं?

थांबा, जेवण नंतर होईल, हे आत्ताच सांगायला पाहिजे, मी अजून हादरलेली आहे. आमच्या कारखान्यातल्या आठ बोटांच्या काकांएवढा माणसाच्या मनात आरपार बघणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात नाही. त्यांची दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली, माझ्या जन्माच्याही आधी. तेव्हापासून त्यांना एकच नाद, सुरक्षेबद्दल माणसाला आतून खरंच काय वाटतं ते मोजायचं. फॉर्मवर सगळेच 'सुरक्षा प्रथम' लिहितात, त्यावर काकांचा काडीचा विश्वास नाही. "तोंड इचार करून खोटं बोलतंय," म्हणतात, "तेला टायमच द्यायचा न्हाय." म्हणून गळ्यात स्टॉपवॉच. तुम्ही मिसळीचा पहिला घास उचलताय, तोवर मागून येतं, "हेल्मेट?" तोंडातून पहिला शब्द सुटेल तो तुमचा निकाल. बहुतेकांचा सुटतो "पोलीस". जोतिबाला जाताना शेजारच्या पावण्यांनी सांगितलं, "गाडीला अडकवलंय की." सख्ख्या पुतणीच्या लग्नात, भर मांडवात, काकांनी नवऱ्या मुलाला विचारलं, "फ्यूज?" तो म्हणाला, "तार गुंडाळा." अक्षता टाकायच्या आधी काकांच्या खिशातल्या वहीत त्याच्या नावापुढे लाल ठिपका पडला. कारखान्यात तर लाल ठिपका म्हणजे त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. हा काकांचा कायदा, सुपरवायझरसुद्धा मोडत नाही.

मी निर्धास्त होते. गेटवरची सुरक्षेची घोषणा माझी आहे, बक्षीसवाली. आणि सहा महिने वाट बघून आज मला पहिल्यांदा प्रेस चालवायला मिळणार होती. सकाळी मशीनपाशी पोचले तोच मागून काका, "गार्ड?" गार्ड म्हणजे प्रेसपुढची जाळी, हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "उशीर." अहो, उशीर! जाळी लावली की काम हळू होतं, माझ्या मनात फक्त एवढंच! ठिपका पडला, प्रेस गेली.

एवढा राग आला की चहाच्या सुट्टीत मी त्यांच्याच गळ्यातलं स्टॉपवॉच धरलं आणि विचारलं, "गार्ड?"

"काय हुतंय तेला," काका म्हणाले. लगेच.

सगळे खो खो हसले. काका हसले नाहीत. कप तसाच हातात. मग हळू आवाजात म्हणाले, "बोटं गेली त्या दिवशी जाळी काढताना ह्येच म्हणालतो, पोरी. अजून आतच बसलंय की गं."

वही काढली, स्वतःच्या नावापुढे लाल ठिपका दिला, आणि उरलेला दिवस मशीन सोडून सगळ्यांचे गॉगल पुसत बसले. या महिनाअखेरीला रिटायर होणार आहेत. सुट्टी झाल्यावर स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाले, "सगळ्यास्नी इचारत जा. मलाबी, फोन करून."

गाडीवरून घरी येताना स्टॉपवॉच छातीवर आपटत होतं. हेल्मेट कुठं होतं? कोपराला. आरशात बघितलं तेव्हा कळलं. तुमचंही कधी असं झालंय का? खरं सांगा, विचार न करता.