बिनमिठाचा रस्सा

आज बायकोने मासवडीसाठी तीळ-खोबरं भाजायला घेतलं आणि त्या वासाने मी पंधरा वर्षं मागे, महाळुंग्याच्या घरात पोचलो.

माझे जर्मनीचे दोन मित्र पहिल्यांदाच जेवायला येणार होते. शेजारून खुर्च्या आणल्या, चादरी बदलल्या, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आई मासवडीचा रस्सा करत होती आणि मी तिच्या डोक्यावर उभा. तिचा हात मिठाच्या बरणीकडे गेला, तेवढ्यात मी पुन्हा ओरडलो, "तिखट कमी घाल, त्यांना ठसका लागेल." हात तसाच मागे आला.

"चव तरी बघ," मी म्हणालो.

"पावण्यांच्या आदी? असं करत्यात व्हय?"

पाहुणे हसतमुखाने जेवले, हात जोडून गेले. मग आई जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला थांबली.

"मीठच न्हाई रं यात. तुला कळलं न्हाई?"

मला कळलं होतं. पाहुण्यांसमोर मीठ मागायची लाज वाटली होती.

"नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग पावण्यांना बी कळलं नसंल."

तिला पटलं, असं तेव्हा मला वाटलं. पण वरून चिमूटभरही मीठ न घेता तिने ते ताट संपवलं होतं.