प्रणालीच्या मोबाइलमधल्या आया

डॉक्टर मॅडमनी प्रणालीच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्यांदा बांधला, तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलंय. त्यांनी तिला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं, सैल कुर्त्यावरून पोटावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही हिची आई?"

"व्हय."

"ही साधारण आठव्या महिन्यात आहे. आणि हिचं बीपी एकशे ऐंशीच्या वर गेलंय. तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे दिसतंय मला. पण आत्ता त्यावर बोलायला वेळ नाही. हिला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. रिक्षानं नको, मी अँब्युलन्स बोलावते."

मी तिला तिथं डोकेदुखीसाठी नेलं होतं. चष्मा लागला असेल असं मला वाटत होतं. कॉलेज, क्लास आणि दिवसभर हातात मोबाइल, मग डोकं दुखणारच. पाय सुजले होते, ते मी क्लासच्या जिन्यांवर ढकललं. प्रणाली मूळची काटकुळी, त्यात सैल कुर्ते, पोट कधी नजरेत भरलंच नाही. मी शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात दिवसभर मशिनवर, तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर. घरात तिघंच.

अँब्युलन्समध्ये मी तिच्याशेजारी बसले. ती माझ्याकडं बघत होती, पण घाबरलेली दिसत नव्हती. उलट सुटका झाल्यासारखी दिसत होती.

"रागावलीस का?" तिनं विचारलं.

मी तिच्या अंगावरची चादर ओढून नीट केली.

"तू आधी रागावशील, मग रडशील, मग मला जवळ घेशील," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आया तसंच करतात."

"कुणाच्या आया?"

"मोबाइलमधल्या."

पुढं ती काहीतरी सांगू लागली आणि मध्येच थांबली. डोळ्यांपुढं काजवे चमकतायत म्हणाली. मग तिची नजर वर चढली, जबडा आवळला आणि अंग ताठ होऊन हिसके द्यायला लागलं. अँब्युलन्समधल्या माणसानं तिला कुशीवर वळवलं. मी तिचे पाय धरून ठेवले होते. सुजलेल्या पायात माझी बोटं रुतली आणि त्यांचे खड्डे तसेच राहिले. ते खड्डे मला अजून स्वप्नात दिसतात.

ज्यांच्यावर अशी वेळ येऊ शकते, त्यांच्यासाठी सांगते. या आजाराचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. गरोदरपणात रक्तदाब वाढतो, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनं जायला लागतात, हातापायाला आणि तोंडाला सूज येते. डोकं ठणकतं, नजर धूसर होते, कधी बरगडीखाली दुखतं. वेळेवर कळलं तर औषधं देता येतात. कळलं नाही आणि झटके आले, की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. कोणत्याही बाईला होऊ शकतो, पण कोवळ्या वयात, पहिल्या खेपेला धोका जास्त, असं मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं.

मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न वयाचा झाला. मी एकोणीस म्हणाले. त्यांनी आधार कार्ड मागून खात्री करून घेतली, कारण मुलगी अठराच्या आतली असेल तर त्यांना पोलिसांना कळवावंच लागतं. मग तिला आत नेलं. मॅग्नेशियम सल्फेट नावाचं इंजेक्शन सुरू केलं. पुन्हा झटका येऊ नये म्हणून ते देतात.

थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आले. "बाळ पोटात राहिलं तर आई हातची जाईल, आणि मग बाळही. आत्ताच सिझेरियन करावं लागेल. बाळ वेळेआधीचं आहे, त्याची खात्री मी देत नाही."

तिचे वडील कंपनीच्या कपड्यांवरच आले. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "कोन हाय ते मागनं बघू. आदी पोरगी वाचू दे." ते नंतर बघितलंही. क्लासमध्ये भेटलेला मुलगा होता, पुण्याला निघून गेला होता, फोन लागत नव्हता. त्याच्याबद्दल मला एवढंच लिहायचं आहे.

मुलगी झाली. रडली नाही म्हणे, कण्हली. तिला काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी वरच्या मजल्यावर, एनआयसीयूत नेलं. एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग.

प्रणाली शुद्धीवर येत होती तेव्हा मला आत सोडलं. ती बोलत होती, पण माझ्याशी नाही. हिंदीत बोलत होती. आमच्या घरी हिंदी कुणी बोलत नाही.

"मेरा नाम प्रणाली है. मैं उन्नीस साल की हूँ. और आज मेरी ज़िंदगी बदलने वाली है."

पुन्हा तेच. आवाज तिचा होता, पण चढउतार दुसऱ्याच कुणाचे होते. सिस्टरनी मला विचारलं, "हिला मराठी येत नाही का?" मी म्हणाले, येते. मला त्या खोलीत तिसरंच कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

तो आवाज कुठला, ते मला नंतर समजलं. परदेशातला एक रिअ‍ॅलिटी शो आहे, हिंदीत आवाज घातलेला. सोळा-सतरा वर्षांच्या मुली, त्यांना दिवस राहतात आणि कॅमेरा त्यांच्या घरात फिरत राहतो. सुरुवातीला प्रत्येक मुलगी आपलं नाव आणि वय सांगते.

दुसऱ्या दिवशी तिला मराठी आठवली. दुपारचं ऊन थेट पलंगावर पडलं होतं आणि ती म्हणाली, "आई, लाइट का घालवलीस? लाव की."

मी तिच्या डोळ्यांपुढं हात हलवला. पापणी लवली नाही.

मेंदूचं स्कॅनिंग झालं. डॉक्टरांनी त्याला प्रेस म्हटलं. रक्तदाब एकदम वाढल्यानं मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते, आणि आपण बघतो ते त्या भागानं. डोळे चांगले असतात, पण दिसत नाही. "बहुतेकांची नजर परत येते," ते म्हणाले. "किती दिवसांत ते सांगता येणार नाही." मी त्यांचं 'बहुतेकांची' एवढंच धरून बसले.

मी दिवसातून दोनदा वर जायचे. एनआयसीयूत मोबाइल न्यायला मनाई होती. हात धुवायचे, झगा घालायचा आणि काचेतून बघायचं. माझ्या दोन्ही तळव्यांत मावेल एवढी ती होती. नाकात नळी, छाती पाखरासारखी उडायची. खाली आले की प्रणाली विचारायची, "फोटो काढलास?" मी नाही म्हणायचे. ती म्हणायची, "तिथं सगळ्यांचे काढतात. गुलाबी फुगे लावून काढतात." मग तोंड भिंतीकडं करून पडून राहायची. तिला भिंत दिसत नव्हतीच.

तिचं बीपी जरा उतरल्यावर एका सिस्टरनी डॉक्टरांना विचारून तिला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. आत एकीलाच सोडतात, म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसले. परत आली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. "हात लावलास का?" मी विचारलं. तिनं मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

त्यानंतर बाळाला जंतुसंसर्ग झाला. सेप्सिस म्हणतात, रक्तातच जंतू पसरतात. वेळेआधीच्या बाळांत त्याच्याशी लढायची ताकद नसते. वरच्या मॅडमनी आम्हाला बोलावून खुर्चीत बसवलं तेव्हाच मी समजले. "आम्ही सगळं केलं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते, आणि त्यांनी केलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रणालीच्या वडलांनी बाळाला दुपट्यात गुंडाळून नेलं. मी प्रणालीजवळ थांबले. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पण असं कुटं झालेलं न्हाय." त्या कार्यक्रमात म्हणायचं होतं तिला.

तिला दिसायला लागलं ते त्यानंतर. आधी खिडकीचा चौकोन, मग माझ्या साडीचा रंग. माझा चेहरा नीट दिसला तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "कशी होती?"

मी सांगितलं. कपाळ मोठं होतं. भुवया नव्हत्याच. नाक तुझ्यासारखं. डाव्या कानाची पाळी जरा दुमडलेली होती. ती रोज विचारायची आणि मी रोज सांगायचे. सांगून सांगून मला भीती वाटायला लागली, की खरंच कानाची पाळी दुमडलेली होती, की मीच पुढं काहीबाही जोडत चालले आहे. प्रणालीच्या वडलांना विचारवत नाही, आणि दुसरं कुणी नाही. त्या मुलीचा चेहरा आता फक्त माझ्या बोलण्यात आहे.

वॉर्डात शेजारच्या पलंगावर दुधनीकडची महादेवी होती. लग्न झालेली, तीही एकोणिसाचीच. घरी कन्नड बोलायची, आमच्याशी अडखळत मराठी. तिलाही बीपीचाच त्रास, पण ती आधीच दाखल झाली होती. गोळ्या घेत दिवस भरवले आणि बाळ धडधाकट झालं. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं गं?

"टीव्हीवर बगितलं की," ती म्हणाली. "एक पोरगी हुती त्यात. डोकं दुकतंय, डोकं दुकतंय म्हनायची, मग तिला फीट आली. माजं डोकं दुकायलं तवा मी सासूला म्हनलं, अव्वा, मला दवाखान्यात न्या."

मी कार्यक्रमाचं नाव विचारलं. तोच होता.

प्रणाली उठून बसली. "असा एपिसोड हाय त्यात?"

"हाय की. पूर्न बग. लई रडतीत पोरी त्यात. शाळा सुटती, नवरा सोडून जातो."

महादेवीच्या सासरी तो टीव्हीवर लागायचा आणि ती जेवण करता करता पूर्ण एपिसोड बघायची. प्रणालीनं एकही एपिसोड पूर्ण बघितला नव्हता. तिच्या मोबाइलवर त्याचे तुकडे यायचे, मिनिटाभराचे. आई ओरडते, मग मिठी मारते. फुगे, केक. इवलं बाळ जांभई देतं, मागं गाणं वाजतं. एक बघितला की मोबाइल तसलाच दुसरा पुढं करायचा. महिनोन्‌महिने तिनं तेवढंच बघितलं आणि आपल्या पोटातलं लपवत राहिली. घाबरून नव्हे. आपलाही तो मिठीचा भाग येईल, अशी वाट बघत.

घरी आल्यावर, ती झोपलेली असताना, मी तो कार्यक्रम बघितला. मला त्यांचा राग करायचा होता, पण नीटसा करता आला नाही. पूर्ण एपिसोडमध्ये कष्ट होते, भांडणं होती, रात्रभर रडणारी बाळं होती. तरी कळा सुरू झाल्या की चित्र तुटायचं आणि पुढच्या क्षणी मुलगी केस विंचरून, बाळ छातीशी घेऊन बसलेली. मधलं कुणी दाखवत नव्हतं. आणि तुकडे करणाऱ्यांनी तर उरलेलंही काढून टाकलं होतं. मुलींना बघायला जे गोड लागतं तेवढंच ठेवलं होतं.

रात्रंदिवस तो हिंदी आवाज माझ्या डोक्यात असायचा. कारखान्यात मशिनवर बसले की पायाखालच्या लयीत तो चालू व्हायचा. मेरा नाम. मेरा नाम. काज करताना सुई बोटात गेली, एवढी मी त्यात असायचे.

मुलीच्या पोटावर नजर ठेवा, असं मी कुणा आईला सांगणार नाही. मुलगी मोबाइलवर जे बघते ते कधीतरी तिच्याशेजारी बसून बघा, एवढंच सांगते. आणि कुणाही गरोदर मुलीचं डोकं ठणकत असेल, पाय सुजत असतील, तर लग्न झालंय का नाही हे न विचारता तिचं बीपी मोजून घ्या. पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात.

प्रणालीची बीपीची गोळी आता बंद झाली आहे. तिनं कॉलेज पुन्हा सुरू केलं. घरी त्या दिवसांबद्दल ती बोलत नाही. फक्त 'कशी होती' विचारते, तेही आता कमी.

परवा माझ्या भावाची मुलगी ऋतुजा मोडनिंबहून राहायला आली होती. दहावीची परीक्षा झालेली, हातात मोबाइल. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बाहेरून त्या तुकड्यांमागचं गाणं ऐकू आलं आणि माझे हात परातीतच थांबले.

ऋतुजा म्हणाली, "किती गोड हाय गं बाळ, ताई."

"थांबव जरा," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "हे बग, हितं ती कळा देतीय. आन् हितं बाळ तिच्या हातात हाय. मदलं सांगू तुला?"

गाणं बंद झालं.

"मला काय दिसत नव्हतं. सिस्टरनी माझा हात धरून त्या पेटीच्या भोकातून आत घातला. आत ऊन-ऊन लागलं, उबदार. आधी नळी लागली. मग पाय लागला. एवढासा, माझ्या पेराएवढा. मी म्हनलं, सिस्टर, हिला दुकंल. त्या म्हनाल्या, न्हाय दुकत, धर. मग मी हात वर नेला तर तिनं माझं बोट धरलं. लई घट्ट धरलं. मला वाटलंच नव्हतं तिच्यात एवढी ताकद असंल. मी सोडवून घेतलं न्हाय. सिस्टरनी बऱ्याच वेळानं सोडवलं. मी आईला सांगितलं न्हाय. आईला वाटतं मी बाळाला बघितलंच न्हाय."

ऋतुजा रडायला लागली. प्रणाली तिला म्हणाली, "रडू नगं. अजून हाय, ऐक."

त्या सिस्टरचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता दवाखान्यात जाऊन विचारणार आहे.

मी गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेर जाऊन दोघींच्या शेजारी सतरंजीवर बसले. प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं, थोडी थांबली आणि पुढचं सांगायला लागली.