तीन ठिपक्यांची हिरवी जीप

हे लिहिणारच नव्हते. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं, कारण यात ज्यांनी माती खाल्ली ते माझे बाबा आहेत. पण आता आत्याच्या तोंडाकडे बघवत नाही, म्हणून एका दमात लिहून टाकते. वेडंवाकडं असेल, चालवून घ्या.

तर आत्या. बाबांची धाकटी बहीण आणि दोघांच्या गॅरेजमधली वेल्डर. जुन्या जीप खडकाळ वाटांवर आपटून आपटून खालून खिळखिळ्या होतात. त्यातही स्टिअरिंगचा डबा जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बसतो तिथे हमखास तडा जातो. तिथे बाजारात मिळणारे जाड ब्रॅकेट बसवून चासीला बळ द्यायचं, हे आत्याचं काम. सुरुवातीला गिऱ्हाईकं विचारायची, "मिस्त्री कुठायत?" ही तोंडावरची काच वर करून म्हणायची, "मिस्त्री गेले उडत. गाडीला काय झालंय ते बोला."

तिची पद्धत ठरलेली. आधी रंग खरवडून लोखंड उघडं करायचं. तडा दिसला की त्याच्या टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग तो वेल्डिंगने भरायचा आणि त्यानंतरच वर ब्रॅकेट. शेवटी टोकदार पोलादी पंच आणि हातोडी घेऊन ब्रॅकेटच्या कोपऱ्यात तीन ठिपके ठोकायचे. टक, टक, टक. हीच तिची सही. लोक जुनी जीप बघायला गेले की आधी खाली वाकून हे ठिपके शोधायचे.

गेल्या महिन्यात एक रोपवाटिकावाले आले. "ताई, वळणावर स्टिअरिंग हातात राहत नाही हो. मागे नातवंडं बसलेली असतात. तुमचे ठिपके बघूनच घेतली होती गाडी."

आत्या गाडीखाली सरकली. ठिपके तिचेच होते, पण गाडी काही आठवेना. आणि तिला तर चेहऱ्यापेक्षा चासी जास्त लक्षात राहते. तिने ग्राइंडर लावून ब्रॅकेट कापला. आत रंग तसाच. रंगाखाली पुट्टी. पुट्टी उकरली तर बोटभर लांब तडा, आणि टोकाला भोक नाही.

तेवढ्यात तिला गाडीखालून बाबांचे बूट दिसले. ते चहा घेऊन आले होते.

"दादा, माझा पंच कोणी वापरला?"

"का गं? काय झालं?"

"मी विचारलं ते सांग."

"अगं, तू तापाने पडली होतीस तेव्हा. मीच घेतली होती ही गाडी विकायला. गिऱ्हाईक दारात उभं होतं."

"मग थांबवायचं त्याला."

"गिऱ्हाईक थांबतं का कधी?"

"तडाही थांबत नाही, दादा."

बाबा चिडले. "माझं वेल्डिंग काय इतकं टाकाऊ आहे? ठिपके नसते तर कोणी हात लावला नसता गाडीला!"

"म्हणून माझं नाव ठोकलंस? तोंडाने मागितलं असतंस तर जीव दिला असता रे."

मग तिने अगदी हळू विचारलं, "अशा किती?"

ते कपात बघत बसले. "ही धरून चार."

चार! बाहेरच्या कुणी केलं असतं तर आत्याने गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. पण हिला हातात पंच धरायला शिकवलं ते बाबांनीच. ती उठली, तो पंच ग्राइंडरवर धरला आणि त्याचं टोक घासून सपाट केलं. ठिणग्या उडत होत्या, बाबा बघत होते. चहा तसाच गार झाला.

रोपवाटिकावाल्यांची गाडी तिने नीट करून दिली. उरलेल्या तीनपैकी दोन शोधून काढल्या, कापल्या, पुन्हा बसवल्या. चौथी सापडत नाही. हिरवी आहे, मागच्या दाराला पोचा आहे. कुणाला विकली ते बाबांना आठवत नाही, निदान तसं ते म्हणतात. आत्या आता रस्त्याने जाताना प्रत्येक हिरव्या जीपखाली वाकून बघते. बाबांशी कामापुरतं बोलते. "दादा" म्हणत नाही, "अहो, जरा पाना द्या" म्हणते. ते "अहो" ऐकलं की बाबांची मान खाली जाते. मला दोघांचा राग येतो आणि रडूही येतं.

पंच एकच होता, त्यामुळे खरे ठिपके आणि खोटे ठिपके वरून ओळखता येत नाहीत. तुमच्याकडे, तुमच्या मामाकडे, शेजाऱ्यांकडे हिरवी जुनी जीप असेल तर आज खाली वाकून बघा. तीन ठिपके दिसले तर माझ्या आत्याला जाऊन भेटा. हळू चालवत जा, पण लवकर जा.