दोन खोल्यांतलं हापिस

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या चाळीत खोल्या दोन आणि माणसं तीन: हे, सासूबाई आणि मी. चौथं माणूस यायला दोन महिने होते, तेवढ्यात घरात ऑफिस आलं.

हे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि खालच्या रेघा शाईने गिरवायच्या. सहा वर्षं हे दुसऱ्यांच्याच रेघा गिरवत होते. मग ड्राफ्ट्समनची एक जागा रिकामी झाली आणि साहेब म्हणाले, "पुढच्या महिनाअखेरीपर्यंत एक ड्रॉइंग स्वतःचं करून दाखव, मग बघू." हे घरी आले ते छाती पुढे काढूनच. म्हणाले, "मला घरी ऑफिस लागेल." मी आमच्या दहा बाय दहाच्या बाहेरच्या खोलीत नजर फिरवली. फार वेळ लागला नाही.

पहिली अडचण फळीची. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात बराकीच्या ओट्यावर एक सिंधी सुतार काम करायचा. त्याने केलेल्या फळीवर यांनी आडवी-उभी पट्टी धरली आणि तीनदा ती परत केली. तिसऱ्यांदा तो हात जोडून म्हणाला, "साईं, इतना सीधा तो मैं खुद भी नहीं हूं." मी तोंडाला पदर लावला. हे हसले नाहीत. सरळ रेघेच्या बाबतीत यांना थट्टा चालत नसे.

चौथी फळी पसंत पडली. दोन ट्रंकांवर ती आडवी टाकली की ऑफिस उघडायचं, जेवायच्या वेळी भिंतीला उभी केली की बंद. ऑफिस चालू असताना फोडणी द्यायची नाही, केस झटकायचे नाहीत आणि ओल्या हाताने दोन हातांच्या आत यायचं नाही. रविवारीसुद्धा हे इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसायचे. स्वयंपाकघरापासून चार पावलांवर हो! सासूबाईंनी तर ऑफिस माझ्याही आधी मान्य केलं. शेजारीण यांना विचारत आली की त्या सांगायच्या, "तो हापिसात गेलाय." शेजारीण समोर दिसणाऱ्या यांच्या पाठीकडे बघायची आणि हळू आवाजात बोलून परत जायची.

मी मात्र चिडवत होते. "साहेब, अर्ज देऊ का? चहा हवा असला तर बाहेर या."

आता त्या कापडाचं सांगायला हवं. ट्रेसिंगचं कापड दिसायला निळसर, कडक, कागदासारखं. पण ते मुळात तलम सुती कापड, वर खळ चढवलेली. पाण्याचा थेंब पडला की डाग. आणि गरम पाण्यात भिजत घातलं की खळ जाते, बरीचशी शाईही जाते आणि हातात मलमल उरते. ड्रॉइंग ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी वाया गेलेल्या ट्रेसिंगचे रुमाल असायचे. हेही बिघडलेले तुकडे आणून दारामागच्या टोपलीत टाकत. ती टोपली सासूबाईंची. तान्ह्या बाळाला कोरं कापड घालायचं नाही, जुनेरच हवं, हा त्यांचा कटाक्ष. त्यामुळे त्या टोपलीतले तुकडे धुऊन धुऊन मऊ करून त्यांची झबली शिवायला बसल्या होत्या.

एका शनिवारी यांचं ड्रॉइंग पुरं झालं. एक पंप होता, आडवा कापून आतलं दाखवलेला. तीन आठवडे शाई चालली होती. सोमवारी साहेबांना दाखवायचं ठरलं. रविवारी सकाळी हे केस कापायला गेले आणि नेमका बदलापूरहून माझा मामा मंडळींना घेऊन जेवायला आला. पाटांना जागा हवी म्हणून मी घाईघाईने ऑफिस बंद केलं. फळी भिंतीला लावली, ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि तात्पुरती दारामागच्या टोपलीत उभी केली. मीच. माझ्या हातांनी.

मामा गेला. मी भांडी आवरून बाहेर आले तर दोरीवर पंप वाळत होता. म्हणजे पंप नव्हताच; पांढरं शुभ्र कापड होतं आणि अगदी जवळ गेल्यावर दिसणाऱ्या चार करड्या रेघा. सासूबाई खुशीत म्हणाल्या, "हा तुकडा चांगला मोठा निघाला गं. दोन झबली होतील."

मामाला स्टेशनवर सोडून आलेल्या यांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि रडायलाच लागले. हे दोरीपाशी गेले आणि त्या करड्या रेघांवरून बोट फिरवून आले. मग म्हणाले, "आईला कळता कामा नये." मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी यांनी साहेबांना पाणी सांडल्याचं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि आठ दिवस मागून घेतले. जागा यांना मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते त्या आठ दिवसांतलं.

पेन्सिलीचा कच्चा कागद शिल्लक होता. त्यावर नवं कापड ताणून हे पहाटे कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्या आल्या बसत. मी चिडवणं बंद केलं होतं. फोडणीसुद्धा शेजारच्या घरात जाऊन देत होते. चौथ्या दिवशी सासूबाई झबलं शिवत यांच्याजवळ बसल्या होत्या. फळीकडे बघून म्हणाल्या, "काय रे, हा मागचाच पंप ना?"

"हो."

"मग पुन्हा कशाला काढतोस?"

यांनी हातातली रेघ आधी पुरी केली. "मागचा नीट जमला नव्हता, आई."

"अगंबाई! तरी मी धुताना म्हणतच होते," सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "इतकं सुरेख काढलंय, एक रेघ वाकडी नाही, आणि यानं टाकलं का? पण तुझं तुला कळत असणार, म्हणून नाही विचारलं."

यांनी पेन खाली ठेवलं. सहा वर्षांत यांच्या कामाला कुणी सुरेख म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा म्हटलं नव्हतं.

"तुला आवडलं होतं?" यांनी विचारलं.

"आवडलं म्हणून तर पहिलं झबलं त्याचंच शिवतेय," सासूबाई हातातलं झबलं यांच्यापुढे धरत म्हणाल्या.