पंचवीसचा आकडा

शोरूममध्ये त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षातच नसायचं. सगळे त्याला फुंकर म्हणायचे. कारण हा माणूस पेट्रोलच्या पेडलवर पाय दाबायचा नाही, फुंकर घातल्यासारखा नुसता टेकवायचा. गाडीत बसला की उजव्या पायातला बूट काढून सीटखाली सरकवायचा आणि मोज्यावरच गाडी चालवायचा. "बुटातून काय कळतंय डोंबल!" म्हणायचा. घरी बायको रोज संध्याकाळी एकच मोजा धुवायची, उजवा. "अहो, एका पायाचा पगार मिळतो की दोन्ही पायांचा?" असं विचारायची, आणि तोही हसायचा.

काम म्हणाल तर सोपं. गिऱ्हाइकाला हायब्रिड गाडीत बसवायचं, बाजारातून, दवाखान्यावरून एक चक्कर मारायची आणि परत आणून सोडायचं. हायब्रिडमध्ये पेट्रोलच्या इंजिनाला जोडीला बॅटरीवरची मोटर असते. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन गप्प बसतं, ब्रेक लावला की वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते, आणि हळूच निघताना ती मोटरच गाडी ओढते. म्हणजे जितकी गर्दी, जितके सिग्नल, तितकी ही गाडी खूश. त्यात फुंकरचा पाय. शिवाय थोडी चलाखीही असायची. टायरात हवा टच्च भरलेली, एसी बंद. "खिडकी उघडा की, छान वारा आहे!" चक्कर संपली की समोरच्या पडद्यावर आकडा झळकायचा, लिटरला पंचवीस किलोमीटर. गिऱ्हाईक खल्लास!

शोरूमच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत तक्ता लावला होता. एकाच कंपनीची, एकाच आकाराची गाडी, एक हायब्रिड आणि एक साधी पेट्रोलची. हायब्रिड पंचवीस, साधी बारा. खाली हिरव्या अक्षरांत धूर. हायब्रिडचा किलोमीटरला ब्याण्णव ग्रॅम, साधीचा एकशे ब्याण्णव. आता तो धूर काही कुणी नळीला नाक लावून मोजला नव्हता. जेवढं पेट्रोल जळतं तेवढा धूर होतो, भागाकार केला की झालं काम.

गंमत पुढेच आहे. पंचवीस काढले होते फुंकरने. बारा काढले होते डंपरने. डंपर म्हणजे वर्कशॉपमधला गाड्या धुणारा. त्याच्या हातात गाडी दिली की ती बिचारी रडायची, असा त्याचा पाय. मॅनेजरने मुद्दाम त्यालाच साध्या गाडीवर बसवलं होतं. त्या दिवशी चहा पिताना फुंकर आणि डंपर दोघं पोट धरधरून हसले. गाड्यांची म्हणून भिंतीवर लागलेली तुलना खरी दोन पायांची होती, हे सगळ्या शोरूमला ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? आणि बांधायची तरी कशाला, सगळ्यांची पोटं त्याच मांजरावर!

वर्ष गेलं, दोन गेली. रोज तोच आकडा तोंडाने म्हणता म्हणता फुंकरलाही तो खरा वाटायला लागला. माणसाचं हे असंच असतं मेलं.

त्याची एकुलती एक मुलगी. जावई टॅक्सी चालवायचा, जुनी पेट्रोलची, स्वतःच्या मालकीची. शहरातून विमानतळावर माणसं सोडायची आणि तिथून आणायची, सगळा रस्ता हायवेचा. जुनी गाडी कुरकुरायला लागली तेव्हा नवी कुठली घ्यायची यावर जेवणाच्या टेबलाशी चर्चा झाली. हायब्रिड महाग, साधीच्या दीडपट. वरचे पैसे पेट्रोलच्या बचतीतून निघाले तरच परवडणार. नाही निघाले, तर कर्ज अंगावर आणि गाडी बँकेच्या दारात.

मुलीने सरळ विचारलं, "बाबा, खरंच पंचवीस देते का हो?"

"अगं, मी स्वतः काढलेला आकडा आहे," फुंकर म्हणाला. "धूरसुद्धा निम्मा. डोळे मिटून घ्या."

आणि त्यांनी घेतली, डोळे मिटूनच.

पहिल्या महिन्यात जावई काही बोलला नाही. दुसऱ्या महिन्यात मुलगी संध्याकाळी एका लॉन्ड्रीत इस्त्रीला जायला लागली. "घरी बसून कंटाळा येतो," म्हणाली. मनगटावर भाजल्याचा डाग होता, तो ओढणीखाली लपवला. तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकला. जावई मुळातच अबोल माणूस, सासऱ्यापुढे तर मान वर करून बोलायचा नाही. तो एका सुट्टीच्या दिवशी दारात येऊन उभा राहिला. "बाबा, एकदा माझ्या रस्त्यावर चालवून बघता का? मला सतराच्या वर जमत नाही. माझंच काही चुकत असेल."

माझंच चुकत असेल! त्यापेक्षा फुंकरला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हायवेच्या तोंडाशी असलेल्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. फुंकरने बूट काढला. मोज्यावर, डाव्या कडेने, सत्तरच्या वेगाने निघाला. मागून ट्रक भोंगे मारत होते. परत पंपावर आल्यावर टाकी पुन्हा भरली आणि हिशेब केला. तेवीस आले.

"बघ!" त्याचा चेहरा फुलला. "गाडीत खोट नाही, बेटा. पाय हलका ठेव, बाकी काही नाही."

जावई घड्याळाकडे बघत होता. "आकडा आला, बाबा. पण या वेगाने दिवसाच्या चार फेऱ्यांच्या तीन होतात. आणि मागे बसलेल्या माणसाचं विमान सुटलं तर तो पुन्हा बोलावणार आहे का मला?"

मग फुंकरने जावयाच्या वेगाने चालवली. एसी लावून, एकशेदहावर. हायवेला सिग्नल नाही की गर्दी नाही, ब्रेक लावायची वेळच येत नाही, मग बॅटरीत जाणार काय आणि मोटर ओढणार काय? सगळा भार इंजिनावर. सतरा आले. जावयाने एका मित्राची साधी पेट्रोलची गाडी मागून आणली होती. तीही फुंकरनेच चालवली, त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, त्याच मोज्यावर. पंपावरच्या माणसाने नळी काढली, जावयाने मोबाईलवर भागाकार केला आणि मोबाईल सासऱ्यापुढे धरला.

सोळा.

एवढ्यासाठी दीडपट पैसे! लिटरमागे एक किलोमीटर. आणि धूर? तोही जवळपास तेवढाच, उन्नीस-बीसचा फरक. आयुष्यभर पायाचा तोरा मिरवला आणि त्याच पायावर धोंडा पाडून घेतला. नुसत्या स्वतःच्या नव्हे, पोरीच्याही.

"आता काय करायचं, बाबा?" जावयाने विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी फुंकर मॅनेजरच्या काचेच्या खोलीत गेला. मॅनेजर वयाने लहान, काका-काका करणारा. "साहेब, गाडी परत घ्या. थोडं कमी द्या, पण कर्ज फिटेल एवढं तरी द्या."

मॅनेजरने किंमत सांगितली. कर्जाच्या निम्मीसुद्धा नव्हती. "काका, बॅटरीची गाडी. जुनी घ्यायला लोक घाबरतात. मी तरी काय करू?"

"मग तो तक्ता तरी खाली उतरवा. निदान हायवेचा आकडा त्यात घाला."

मॅनेजरने त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. "तक्ता उतरवला तर गाड्या विकणार नाहीत. गाड्या विकल्या नाहीत तर चक्कर मारणारा माणूस मला कशाला लागेल? आणि काका, पंचवीस तुम्हीच काढलेत ना? मी खोटं लिहिलंय का त्यात?"

नव्हतंच लिहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? मॅनेजर वाईट माणूस नव्हता. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे फुंकरला थोडे पैसे वाढवून दिले. तेव्हापासून मुलीचा हप्ता अर्धा तिच्या इस्त्रीतून निघतो आणि अर्धा शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांतून. ज्या महिन्यात गाड्या जास्त जातात त्या महिन्यात ती लॉन्ड्रीतून जरा लवकर घरी येते. जावई चार फेऱ्यांच्या पाच करतो. बायको मोजा धुते, पण पगाराचा विनोद आता करत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

महिनाअखेर होती. एकही गाडी गेली नव्हती. दुपारी एक गृहस्थ आले, बरोबर तरुण मुलगी. तिला नवी नोकरी लागली होती, शहराबाहेरच्या कारखान्यात. रोज जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर, सगळा हायवे. बापाने निवृत्तीचे पैसे आणले होते.

फुंकरने चक्कर मारली. बाजारातून, दवाखान्यावरून. पंचवीस झळकले. मुलगी मागून पुढे वाकून बघत होती.

गृहस्थ मात्र सावध होते. गाडी शोरूमसमोर थांबल्यावर त्यांनी दार उघडलं नाही. "अहो, विकणारे काय, गोडच बोलणार. तुम्ही चालवणारे आहात म्हणून विचारतो. खरं सांगा, तुमच्या घरच्या माणसाला घ्यायला सांगाल ही गाडी?"

काचेपलीकडे मॅनेजर उभा होता. फुंकरच्या जिभेवर शब्द आले होते. हायवेला घेऊ नका, साहेब, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात त्याला पोरीच्या मनगटावरचा तो डाग आठवला. परवाच अजून एक पडला होता, पहिल्याच्या शेजारी.

"माझ्या जावयाने हीच घेतलीय," तो म्हणाला.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. गृहस्थांचा चेहरा एकदम निवळला. त्यांनी फुंकरच्या खांद्यावर हात ठेवला. "बस्स, मग प्रश्नच मिटला."

फुंकर वाकून सीटखालचा बूट शोधायला लागला. बूट हाताला लागला होता, तरी शोधत राहिला. बापलेक उतरून आत निघाले होते. मुलगी थोडी रेंगाळली. "बाबा, खरंच पंचवीस देईल का हो?"

"अगं, त्यांनी स्वतःच्या मुलीच्या घरात दिलीय," बाप म्हणाला. "कुठला बाप मुलीला फसवेल?"