मेलेल्या नायकासाठी बंद पडलेले माग

सत्तरच्या दशकात मी एक नायक जन्माला घातला. शहरातल्या सदर भागातून निघणाऱ्या एका साप्ताहिकात त्याच्या गोष्टी पुरुषाच्या टोपणनावानं छापून येत. घरात कुणालाच पत्ता नव्हता. आमचा मोहल्ला विणकरांचा. वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे अंक आला की माग चालू असतानाच मी मोठ्यानं वाचायची. माझंच लिहिलेलं, आणि वर लिहिणाऱ्याचं कौतुकही ऐकायची. "भल्ता हुशार माणूस हाय," माझे बाबा म्हणायचे. मी मान डोलवायची, दुसरं काय करणार?

माझा नायक मागाच्या खड्ड्यात, विणकर पाय सोडून बसतो तिथं, उतरायचा आणि दुसऱ्याच शतकात निघायचा. पण कुठंही जा, त्याची कीर्ती आधीच पोचलेली. तो कुठल्या दगडावर बसला होता यावरून चार गावं भांडायची. चौकात त्याचा पुतळा असायचा, सहा फुटी, झुपकेदार मिशांचा. तो स्वतः बुटका आणि टकला. एकदा त्याच्याच देवळात पुजाऱ्यानं त्याला मागं जाऊन रांगेत उभं राहायला सांगितलं. हे वाचलं तेव्हा मोहल्ला आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. जसं काही मीच पुजारी! दसऱ्याला मागांची पूजा असते, त्या वर्षी दोन मागांवर त्याच्या नावाची सुपारी ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली.

मग माझं लग्न ठरलं. सासर हुडकेश्वरचं, तेव्हा तिकडे नुसती शेतं. बघायला आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "पोरगी काही लिहीत-बिहीत तं नाही ना?" त्यांच्या नात्यातली एक लिहिणारी सून माहेरी परतली होती म्हणे. बाबा छाती फुगवून म्हणाले, "छे वं बाई. वाचते फक्त, तेही दुसऱ्याचं."

बाबांचा शब्द खोटा पडू नये म्हणून मी नायकाला मारून टाकलं. शेवटच्या भागात तो पुतळ्यासमोर उभा राहून गर्दीला सांगतो, "अरे, मीच तो." आमच्या देवाचा अपमान करतो म्हणून भक्तच त्याला दगडांनी ठेचतात.

मी वाचून मान वर केली तर मागांवर धावणाऱ्या धोट्यांचा आवाज थांबला होता. मोहल्ल्यात मयत झाली की तीन दिवस माग बंद, ही आमची रीत. गोष्टीतल्या माणसासाठी ती पाळायची नसते हे त्यांना सांगणार कोण? बाबांनीही माग बंद केला. त्यावर माझ्या लग्नाचं लुगडं होतं, पदर अर्धाच विणलेला, आणि लग्न पाच दिवसांवर.

शेवटी मी सांगून टाकलं, "बाबा, तो माणूस मीच लिहिते."

"तुले साधी भाकर थापता येत नाही," बाबा म्हणाले.

"आणि तो मेला नाही. मेला तो म्हातारपणचा. तरुणपणचा अजून शतकाशतकांत फिरून राहिला."

बाबांनी अर्ध्या पदरावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे आपण कसं मरणार, हे त्याले ठाऊक असंल?"

"असंल. पुढच्या शतकात ऐकलंच असंल त्यानं."

"तरी फिरून राहिला?" त्यांनी डोळे पुसले. "छापून येऊ दे, मंग पाहू पदराचं."

तीन दिवस उलटले तरी बाबांचा माग बंदच राहिला, आणि मी बाजारातल्या लुगड्यावर लग्न केलं. बाबांचा असा राग मला आधी कधी आला नव्हता.

सासरी चुलीपुढं बसून मी पुढचा भाग चोरून लिहिला आणि पोस्टात टाकला. अंक निघाला त्याच आठवड्यात बाबा सायकलवर हुडकेश्वरला आले. मोहल्ल्याबाहेरच्या कुणाकडून तरी वाचून घेतला असणार. ओसरीवर सासूबाई, नवरा, शेजारचे दोघं बसलेले. बाबांनी कापडाची घडी उलगडली. पदर पूर्ण झाला होता.

"पोरीनं जिता केला त्याले," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बोलली तसंच छापून आलं. तिचंच लिहिलेलं हाय सगळं, पयल्यापासून."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. सासूबाईंचा चेहरा उतरला. पुढं त्या घरात काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पण त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती आणि वाटली नाही. बाबांनी ते चार लोकांत म्हणावं म्हणून मी किती वर्षं थांबले होते, हे मला तिथंच कळलं.