घमेल्याला लागणारा दुसरा हात

"ए, तू. घमेलं उतरवू नको. सेठाइले पाहू दे."

हे मला म्हणाला मुनशी. ठेकेदाराचा माणूस, आमच्याच भंडाऱ्याकडचा, माझ्याच गावच्या पाटलाच्या घरातला. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि मी त्याच्या पायासाठी गिट्टी, म्हणजे खडी, वाहत होते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेलं घमेलं. समोर छत्र्या घेतलेले तीन सेठ. एकाला इथं नटबोल्टचा कारखाना काढायचा होता, दुसऱ्याला सिनेमाघर, तिसऱ्याला पावर हाउस नावाच्या वस्तीत कापडाचं ठोक दुकान. शहराचा अजून पत्ता नव्हता, पण गुळाला मुंगळे लागले होते.

मुनशी हिंदीत सांगत होता, "सेठजी, यहाँ सब है. रेल है, पानी है, जमीन है. और मजूर ऐसा कि दिनभर बोझ उठाए, मुँह न खोले."

कापडवाल्यानं मिटलेल्या छत्रीच्या टोकानं माझा दंड दाबून पाहिला. बाजारात बैल पारखतात तसा. मग ते जमिनीबद्दल बोलत बसले आणि मी घमेलं घेऊन उभी. मान भरून आली. लाज वाटलीच, पण जास्त राग आला तो स्वतःचा. मी उभी का राहिले?

भरलेलं घमेलं एकटीच्या डोक्यावर चढत नाही. एक कड आपण धरायची, दुसरी सोबतिणीनं. त्या शहाण्यांना एवढंही ठाऊक नव्हतं. माझी सोबतीण सुकवारा, तिथलीच छत्तीसगढची. जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, "पुन्हा सेठ आले तं कोणी कोणाले हात द्यायचा नाई." ती मान डोलवून म्हणाली, "हव." बाकीच्या बायांना तिनंच सांगितलं.

दोन दिवसांनी नवे सेठ आले. घमेली भरलेली, बाया कमरेवर हात ठेवून उभ्या.

"उचला ना वो. कावून उभ्या राहिल्या?" मुनशी ओरडला.

मी म्हणाले, "दुसरा हात लागते. तुमी द्या."

मुनशी घमेल्याकडे पाहू लागला, मग माझ्या हातांकडे. माझी जात त्याला गावापासून ठाऊक. माझ्यासोबत घमेलं धरलं असतं तर बाटला असता बिचारा. सेठ खोळंबलेले. इथं सगळं मिळतं म्हणून छाती फुगवणाऱ्याला एक घमेलं उचलता येईना. मी त्याच्या तोंडावर हसले.

"कामावरून काढीन तुले."

"काढा. मंग सेठाइले काय दाखवता?"

सगळ्यांना काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून मला आणि सुकवाराला काढलं. पुढं सिनेमाघर झालं, कापडाचं दुकान झालं, लांबलांबचे व्यापारी आले. या शहरात काय काय आहे ते सांगताना त्यांची जीभ थकत नाही. गिट्टी कोणी वाहिली हे त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

कामावरून काढल्यावर आठ दिवसांनी मी दुसऱ्या ठेकेदाराच्या दारात उभी राहिले होते. घरात चूल थंड होती, तरी आधी बोलून घेतलं. "काम करीन. कोणाले दाखवायले उभी राहणार नाई. पटत असन तं नाव लिवा."

मागं सुकवारा होती. तिनंही तेच सांगितलं.